मंद गतीचा चेंडू



हीरक महोत्सवात यशवंतांचा नामोल्लेख करण्याचा प्रघात आहे. मी मात्र आज अशा एका खेळाडूविषयी बोलणार आहे, ज्याला एकोणतिसाव्या वर्षी खेळ सोडून प्रशिक्षक होण्याचे सुचविण्यात आले होते.

अमेरिकेचा बेसबॉलपटू जेमी मॉयर १९८६ साली शिकागो कब्ज संघातून मेजर लीगमध्ये उतरला. तो पिचर, म्हणजे आपल्या गोलंदाजासारखा. त्याच्या चेंडूचा वेग ताशी सुमारे १३० किलोमीटर. त्या खेळात १४५ देखील सामान्यच. १९९१ अखेर त्याच्या नावावर ३४ विजय आणि ५४ पराभव होते. १९९२ चा संपूर्ण हंगाम त्याने कनिष्ठ लीगमध्ये काढला.

वेग वाढणे शक्य नव्हते. त्याने अचूकतेची उपासना केली. हाताची फेक तीच ठेवून चेंडू आणखी सावकाश सोडायचा, म्हणजे फलंदाजाची बॅट आधीच फिरून जाते, हे त्याचे मर्म. १९९३ मध्ये बाल्टिमोरने संधी दिली. पुढे सिएटलकडून २००१ मध्ये २० आणि २००३ मध्ये, चाळिशीत, २१ विजय त्याने मिळविले. २००८ मध्ये तो विश्वविजेत्या फिलाडेल्फिया संघात होता. कोपरावरील शस्त्रक्रियेमुळे २०११ चा हंगाम हुकला; तरी एप्रिल २०१२ मध्ये, वयाच्या ४९ व्या वर्षी, कोलोरॅडोकडून सामना जिंकून तो मेजर लीगमधील सर्वांत वयस्क विजयी पिचर ठरला. आठ संघ, २५ हंगाम, २६९ विजय. आणि २०९ पराभवही.

महोत्सवाच्या तयारीत जुनी प्रगतिपुस्तके चाळताना माझ्याच हस्ताक्षरातील 'गती मंद' हा शेरा वारंवार दिसला. त्या गतीने ते मूल काय उत्तम करीत होते, याची नोंद मी कुठेही केली नव्हती. ही माझी चूक मी आज आपणांसमोर मान्य करते. यापुढे आमच्या प्रगतिपुस्तकात तो शेरा असणार नाही. मुलाला काय साधले आणि पुढे काय साधायचे आहे, एवढेच आम्ही लिहू. पालकांनीही तेवढेच विचारावे.

आणि ज्या माजी विद्यार्थ्यांची नावे सभागृहातील सुवर्णफलकावर नाहीत, त्यांना सांगते : आजचे निमंत्रण तुम्हांलाही तितक्याच अगत्याचे आहे. तुम्ही आलात, शाळा धन्य झाली.