कोयनेची वीज आणि तिची किंमत
(ब्रेडा येथील बैठकीतलं भाषण)



मी मूळचा चिपळूणचा. आमच्या वाशिष्ठीला ऐन मे महिन्यातही पाणी असतं. पण ते पाणी आमचं नाही, घाटापलीकडच्या कोयनेचं आहे.

कोयना ही कृष्णेला मिळून पूर्वेकडे जाणारी नदी. सातारा जिल्ह्यात धरण बांधून तिचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवलं. पोफळीला ते सुमारे पावणेपाचशे मीटर खाली उतरतं. पाण्याचा झोत टर्बाइनच्या चाकावरच्या वाट्यांवर आदळतो, चाक फिरतं, त्याला जोडलेलं जनित्र फिरतं आणि वीज तयार होते. पुढे तेच पाणी वाशिष्ठीत सोडतात.

सगळी करामत उंचीची आहे. आपल्या इथे मास नदीवर लिथला जलविद्युत केंद्र आहे. तिथे पाणी जेमतेम चार मीटर पडतं. पोफळीला हजार लिटर पाण्यात साधारण एक युनिट वीज मिळते, लिथला तेवढ्यासाठी लाखभर लिटर लागतं. कोयनेच्या सर्व टप्प्यांची मिळून क्षमता १९६० मेगावॅट आहे. शिवाय संध्याकाळी मागणी वाढली की काही मिनिटांत ही वीज मिळते, कोळसा न जाळता.

मग तक्रार कसली? कोयनेची वीज १९६२ साली सुरू झाली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा आला १९७६ साली. जमिनी आणि हक्कांसाठी कोयनेचे धरणग्रस्त २०१८ सालीही कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते. तोवर तिसरी पिढी आली होती.

नेदरलँड्सने झाउडरझे या समुद्राच्या फाट्यावर १९३२ साली बांध घातला. तिथल्या मच्छिमारांना मदत देण्याचा कायदा मात्र १९२५ सालीच झाला होता. मदत पुरेशी होती का, हा वाद वेगळा. पण बांधाआधी कायदा, हा क्रम महत्त्वाचा.

आज सह्याद्रीत नव्या उदंचन जलविद्युत प्रकल्पांचे करार होत आहेत. सौर आणि पवनऊर्जेला साठवणीची जोड हवी, म्हणून माझा त्यांना सरसकट विरोध नाही. पण आपण विचारायचा पहिला प्रश्न मेगावॅटचा नसावा. ज्यांची जमीन जाणार, त्यांना पर्यायी जमीन आधी मिळणार का, हा असावा. पुनर्वसन हा प्रकल्पाचाच खर्च आहे, उपकार नव्हे.