वाघूर कधी गुंडाळायची?

आमच्या रहिमतपूरच्या माळावर पूर्वी वाघूर, म्हणजे सशाचं जाळं लावून शिकार चाले. आमचे दादा, म्हणजे आजोबा, त्यात पुढे असत.

विलायतेत फेरेट नावाचा मुंगसासारखा पाळीव प्राणी बिळात सोडून ससे बाहेर काढतात आणि वसंतात पिल्लांचा हंगाम आला की थांबतात. आपला रानससा बीळ करत नाही. तो गवतात दबून बसतो. मादी वर्षात केव्हाही विते. उघड्या डोळ्यांनी जन्मलेली पिल्लं दिवसभर गवतात गप्प पडून असतात. आई अंधार पडल्यावर पाजायला येते.

एकदा भर उन्हाळ्यात दादांनी ससा हलाल करून सोलायला घेतला. मादी होती, सड दुधानं भरलेले. कंदील घेऊन ते रात्रभर माळ धुंडाळत राहिले. पिल्लं सापडली नाहीत. वाघूर आढ्याला गेली, ती कायमची.

पुढे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ही शिकार गुन्हाच ठरली. तरी काही पोरं रात्री बॅटऱ्या घेऊन निघतात. म्हणतात, ‘‘चाचा, पिल्लांच्या महिन्यात थांबू.’’

बाळांनो, माळावर पिल्लू नाही असा महिना आधी मला दाखवा.