तळहाताचा घाम

रानात लाकूड फोडणारा माणूस कुऱ्हाड उचलण्यापूर्वी तळहातावर थुंकतो आणि दोन्ही हात एकमेकांवर चोळतो. पेढीवरचा रोखपाल नोटा मोजण्यापूर्वी ओल्या स्पंजाला बोट लावतो. उलट, हौद्यात उतरलेला मल्ल मूठभर तांबडी माती उचलून हातांना चोळतो आणि प्रतिस्पर्ध्याच्या घामेजल्या खांद्यावरही टाकतो. पहिले दोघे हात ओला करतात, तिसरा तो कोरडा करतो. हेतू मात्र तिघांचाही एकच, धरलेली वस्तू हातातून निसटू नये. एकाच साध्यासाठी अशी परस्परविरुद्ध साधने का लागावीत, या प्रश्नाचे उत्तर तळहाताच्या कातडीत आहे.

तळहातावर केस नाहीत आणि त्वचेला तुळतुळीत ठेवणाऱ्या तैलग्रंथीही नाहीत. घर्मग्रंथी मात्र तेथे दाटीने वसलेल्या आहेत. शरीराच्या इतर भागांना घाम येतो तो मुख्यतः उन्हाने आणि श्रमाने. तळहाताला येतो तो प्रामुख्याने मनाच्या ताणाने. परीक्षागृहात शिरताना विद्यार्थ्याचे हात ओले होतात ते याच कारणाने. कातडी अगदी शुष्क असली की ती कडक राहते आणि धरलेल्या वस्तूला पुरती भिडत नाही. किंचित ओलावा मिळाला की ती मऊ पडते, वस्तूच्या उंचसखलपणाशी जुळवून घेते आणि पकड वाढते. पण ओलावा मर्यादेबाहेर गेला, की त्वचा आणि वस्तू यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर उभा राहतो आणि तो वंगणाचे काम करतो. सारांश, पकडीचा शत्रू केवळ ओलेपणा नव्हे आणि केवळ कोरडेपणाही नव्हे. लाकूडतोड्या शुष्क टोकाकडून मध्याकडे येतो, मल्ल ओल्या टोकाकडून.

या मध्याचा शोध ज्या खेळात फार बारकाईने घ्यावा लागतो, असा एक खेळ म्हणजे अमेरिकेत वाढलेला डिस्क गोल्फ. गोल्फमध्ये काठीने चेंडू मारून तो खळग्यात घालावयाचा असतो. येथे हाताने प्लास्टिकची तबकडी फेकून ती खांबावर बसविलेल्या टोपलीत पाडावयाची असते. टोपलीच्या वर साखळ्या लोंबत असतात. तबकडी त्यांच्यावर आदळून खाली पडते. कमीत कमी फेकींत सर्व टोपल्या पुऱ्या करील तो विजयी. कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात एड हेड्रिक यांनी 1975 साली या खेळाचे पहिले रीतसर मैदान आखले आणि पुढच्याच वर्षी, 1976 मध्ये, व्यावसायिक खेळाडूंची संघटना स्थापन झाली. तबकडी किती दूर जाऊ शकते याची कल्पना एका आकड्यावरून येईल. 2016 साली डेव्हिड विगिन्स या तरुणाने नेवाडाच्या वाळवंटात, वाऱ्याचे साह्य घेऊन, तबकडी 338 मीटर अंतरावर फेकली.

अशा फेकीत तबकडीचा आणि बोटांचा निरोप क्षणाच्या अल्पशा अंशात होतो. चारही बोटे तबकडीच्या कडेखाली घट्ट मुडपलेली असतात, अंगठा वरून दाबलेला असतो. सारे शरीर वळते, हात छातीसमोरून ओढला जातो आणि शेवटी तबकडी बोटांतून जणू हिसकावली जाते. उजव्या हाताच्या खेळाडूने पाठहाताने फेक केली आणि ओल्या बोटांतून तबकडी अगोदरच निसटली, तर ती डावीकडे भरकटते. बोटांनी ती पळभर अधिक धरून ठेवली, तर ती उजवीकडच्या झाडीत जाते. निसटणे हा दोष, तसेच चिकटणे हाही दोष. आणि शंभर मीटरवरच्या टोपलीच्या दृष्टीने मनगटापाशी झालेल्या अल्पशा चुकीचे अंतर फार मोठे होते.

म्हणून या खेळाडूंच्या झोळीत तबकड्यांबरोबर टॉवेल असतो आणि बहुधा भुकटीने भरलेली एक लहानशी कापडी पुरचुंडीही असते. पुरचुंडी हातात दाबली की कापडातून थोडी भुकटी झिरपते आणि घाम शोषून घेते. कोणी त्यात चिकणमातीची पूड भरतो, कोणी मॅग्नेशियम कार्बोनेट. या दुसऱ्या पदार्थाला खेळाडू खडू म्हणतात. परंतु फळ्यावर लिहिण्याच्या खडूशी त्याचे नाते नावापुरतेच आहे. व्यायामपटू कडी किंवा दांडा धरण्यापूर्वी हातांना लावतात ती हीच पांढरी भुकटी. जॉन गिल या अमेरिकन गिर्यारोहकाने 1950 नंतरच्या दशकात ती व्यायामशाळेतून कड्यांवर नेली. पावसात मात्र पुरचुंडी एकटी पुरत नाही. तबकडीची खालची कड आधी पुसून घ्यावी लागते, कारण एकीकडचा कोरडेपणा दुसरीकडच्या पाण्यापुढे टिकत नाही.

ही भुकटी खरोखर उपयोगी पडते काय? शास्त्रज्ञांची उत्तरे एकमुखी नाहीत. बर्मिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी 2001 साली दगडावर बोटे घासून मोजमाप केले, तेव्हा भुकटीने घर्षण वाढण्याऐवजी घटल्याचे त्यांना आढळले. उलट 2012 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात चुनखडीच्या आणि वालुकाश्माच्या पृष्ठभागांवर ती लाभदायक ठरली. या विरोधाची संगती लावणे अशक्य नाही. घाम शोषण्यापुरती भुकटी हिताची. त्याहून अधिक झाली की तिचे सुटे कण हात आणि वस्तू यांच्यामध्ये वाळूसारखे घरंगळू लागतात. तेव्हा जाणता खेळाडू भुकटी लावतो आणि लगेच हातावर हात आपटून ती झटकूनही टाकतो. झटकणे हा लावण्याइतकाच आवश्यक भाग आहे.

येथवरचा प्रश्न पदार्थविज्ञानाचा झाला. त्याच्या पाठीशी दुसरा प्रश्न उभा आहे, तो न्यायाचा. हाताला काही लावून खेळणे हे कौशल्यात बसते, की कौशल्याची जागा बाजारातल्या पदार्थाला देते? ड्रेस्डेनजवळ एल्ब नदीच्या खोऱ्यातील वालुकाश्म सुळक्यांवर चढणाऱ्यांना भुकटी वापरण्यास मनाई आहे; तेथे खडकाची शुचिता चढणाऱ्याच्या सोयीहून मोठी मानली गेली. कबड्डीत अंगाला तेल लावण्यास बंदी आहे, कारण त्या तेलाने आपली सुटका सोपी होते आणि दुसऱ्याची पकड फुकट जाते. मल्लखांबाला मात्र एरंडेल मुद्दाम चोळतात; तेथे फसवणूक कोणाचीच होत नाही, घर्षण बेताचे राहते आणि खांब सर्वांना सारखाच.

डिस्क गोल्फच्या नियमांनी रेषा आखली आहे ती हात आणि तबकडी यांच्यामध्ये. हाताची कातडी सोलवटू नये म्हणून हातमोजा किंवा पट्टी चालते. परंतु तबकडीचे उड्डाण बदलेल असा फेरफार तिच्यात करता येत नाही. हाताला जाणवेल इतक्या जाडीचा रंगसुद्धा तिच्यावर चढविता येत नाही. बेसबॉलनेही हीच रेषा मानली आहे. तेथे चेंडू टाकणाऱ्याच्या मागे राळेची पिशवी सर्वांसमक्ष ठेवलेली असते. ती त्याने हाताला लावावी; चेंडूला, हातमोज्याला किंवा कपड्यांना लावू नये. चेंडूला थुंकी लावून तो टाकण्याची पद्धत 1920 साली निषिद्ध ठरली. आणि तरीही 2021 मध्ये पंचांना खेळाडूंचे हात, टोप्या आणि पट्टे तपासावे लागले; कारण राळेहून कितीतरी चिकट पदार्थ चोरून वापरले जात होते आणि चेंडूची गिरकी त्याने वाढत होती.

क्रिकेटमधले एक उदाहरण अधिक बोधप्रद आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये नागपूरच्या कसोटी सामन्यात रवींद्र जडेजा याने गोलंदाजीच्या हाताच्या तर्जनीला मलम लावले. बोट सुजले होते, मलम केवळ औषधी होते आणि चेंडूला त्याचा काही संसर्ग झाला नाही, हे सामनाधिकाऱ्यांनी मान्य केले. तथापि सामन्याच्या मानधनापैकी 25 टक्के दंड झालाच. दोष मलमाचा नव्हता. पंचांना न विचारता ते लावले, हा होता.

या निर्णयात रेषेचे खरे मर्म सापडते. नैसर्गिक काय आणि कृत्रिम काय, या वादाने हा प्रश्न सुटणारा नाही. तसे पाहता आखाड्यातली मातीही हाताबाहेरचीच. मल्ल ती माती उचलतो तेव्हा साऱ्या प्रेक्षकांची दृष्टी त्याच्यावर असते, आणि त्याच हौद्यातून प्रतिस्पर्धीही आपली मूठ भरून घेतो. साधन उघडे असावे, ते दोघांच्याही हाताशी असावे आणि त्याने हाताला आपले काम करू द्यावे, इतक्या अटी पाळल्या गेल्या तर राळ काय, भुकटी काय, खेळाच्या इभ्रतीला बाध येत नाही. यांपैकी उघडेपणाची अट सुटली, की औषधाचा लेपही संशयास पात्र होतो.

मनाच्या ताणाने सुटणारा घाम भुकटीने टिपता येतो. तो ताण टिपणारी भुकटी मात्र कोणत्याही पुरचुंडीत मिळत नाही. अखेरच्या टोपलीसमोर उभ्या राहिलेल्या खेळाडूचे हात कोरडे असले तरी तबकडी नेमक्या क्षणी सोडणे त्याच्याकडेच राहते. आणि जोवर ते त्याच्याकडे आहे, तोवर जिंकणे आणि हरणे हेही त्याचेच आहे.