पेटीतून निघालेली मोटार



खामगावच्या बाजारपेठेत उभे राहून देशाच्या औद्योगिक पारतंत्र्याचा इतिहास सांगणे सोपे आहे. १८७० साली जलंब ते खामगाव हा लोहमार्गाचा फाटा सुरू झाला, तेव्हा उद्घाटनासाठी साक्षात व्हाइसरॉय लॉर्ड मेयो येथे आले होते. तो मान खामगावचा नव्हता, कापसाचा होता. वऱ्हाडचा कापूस गाठी बांधून मुंबईच्या धक्क्यावर जाई, तेथून विलायतेस. आणि कापड होऊन परत येई. शेतकऱ्याच्या पदरी कच्च्या मालाचे दाम पडत. सूत, विणकाम आणि रंगाई यांचा नफा परक्याकडे राही. पुढे सुमारे साठ वर्षांनी त्याच मुंबईत एक नवा व्यापार रुजला. त्यात कापसाच्या गाठींऐवजी लाकडी पेट्या होत्या आणि त्या पेट्यांत सुट्या भागांच्या मोटारी होत्या.

अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारजुळणीचा कारखाना उघडला. ही भारतावरची कृपा नव्हती. १९२४ मध्ये कोपनहेगन, १९२७ मध्ये ओसाका, अशी केंद्रे ती जगभर उभारीत होती. फोर्डनेही मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे जुळणी सुरू केली. भारतातील फोर्ड ही कंपनी मुळात फोर्डच्या कॅनडातील कंपनीची उपकंपनी होती. कारण ब्रिटिश साम्राज्यातील बहुतेक देशांत विक्री करण्याचा हक्क त्या कॅनडातील कंपनीकडे होता.

यामागचे गणित साधे होते. तयार मोटार जहाजात फार जागा अडवते. सुटे भाग पेट्यांत भरले की भाडे वाचते. जुळणीची मजुरीही येथे स्वस्त. त्यामुळे इंजिन, गिअर आणि चाकांचे आस परदेशातून येत. येथील कारागिराने ते जोडावेत, टपाचे वा आसनांचे काम करावे, रंग द्यावा आणि गाडी रस्त्यावर आणावी. यातून शेकडो हातांना काम मिळाले, काही कौशल्यही आले, हे नाकारता येणार नाही. परंतु इंजिनाचा साचा कसा करावा, पोलाद कसे घडवावे, गाडीचा आराखडा कसा काढावा, हे ज्ञान पेटीतून येत नव्हते.

हे ज्याने ओळखले तो पुरुष सोलापूरचा होता. वालचंद हिराचंद हे त्याचे नाव. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३५ मध्ये युरोप-अमेरिकेचा दौरा करून भारतीय मोटार कारखान्याची योजना आखली होती. वालचंदांनी ती उचलली. मुंबईच्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळाने पाठिंबा दर्शविला. पण १९३९ च्या अखेरीस ते मंत्रिमंडळ पायउतार झाले. १९४० मध्ये वालचंदांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला, तेव्हा परकीय सरकारने युद्धाचे निमित्त पुढे करून साहाय्य नाकारले. युद्धासाठी मोटारी हव्या होत्या, पण त्या भारतीयांनी घडविलेल्या नकोत, असा तो न्याय! तरीही वालचंद खचले नाहीत. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

येथे कोणी विचारील, की प्रीमियरही आरंभी परदेशी भागच जोडीत नव्हती काय? होय, जोडीत होती. भेद जुळणीत नव्हता, संकल्पात होता. एकाला जुळणी हेच मुक्कामाचे ठिकाण वाटत होते. दुसऱ्याला ती पहिली पायरी वाटत होती.

जपानने हा भेद फार आधी ओळखला. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांची तेथील बाजारावर पकड असताना १९३६ मध्ये जपानने कायदा करून स्वदेशी उत्पादकांना अग्रक्रम दिला. टोयोटा आणि निसान यांचा पाया त्यातून भक्कम झाला. १९३९ पर्यंत दोन्ही अमेरिकन कंपन्यांचे तेथील उत्पादन थांबले. जपान स्वतंत्र होता म्हणून हे करू शकला. भारताला त्यासाठी स्वातंत्र्याची वाट पाहावी लागली. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने ठरविले, की जे उत्पादक टप्प्याटप्प्याने भाग येथेच घडवतील त्यांनाच वाव राहील. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद केला. त्याच सुमारास फोर्डनेही येथून हात काढून घेतला. त्याच वेळी कुर्ल्यात मात्र इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने मोटारी घडू लागल्या होत्या.

तथापि आत्मस्तुतीत रमणे योग्य नव्हे. संरक्षण मिळाले, पण स्पर्धा संपली. ग्राहक वर्षानुवर्षे नोंदणी करून ताटकळला आणि तीच जुनी गाडी नव्या नावाने विकली गेली. पद्मिनीने मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचे संसार चालविले, हे खरे. पण संशोधनाकडे दुर्लक्ष झाल्याने नवे युग येताच तिचे उत्पादन थांबले. कुंपण रोपट्यासाठी असते. झाड झाल्यावरही ते कुंपणाच्या आधारानेच उभे असेल, तर दोष माळ्याचा असतो.

जनरल मोटर्स पुन्हा आली. तिने २००८ मध्ये तळेगावला कारखाना काढला आणि २०२० च्या अखेरीस तेथील उत्पादनही थांबविले. परकी कंपनी स्वतःच्या हिशेबाने येते आणि स्वतःच्या हिशेबाने जाते. त्यात राग धरण्यासारखे काही नाही. ती गेल्यावर मागे काय उरले, एवढेच पाहायचे असते.

बुलढाणा जिल्ह्यासाठी हा प्रश्न दूरचा नाही. शेजारच्या शेंद्र्यात २००१ मध्ये स्कोडाच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली. या जिल्ह्यातील तरुण शेंद्रा, वाळूज, चाकण येथे कामाच्या शोधात जातात. त्यांच्या हाती पाना येतो, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्या पान्याने फिरवला जाणारा बोल्ट कोणी आखला, हे विचारण्याची जिज्ञासाही त्यांच्या ठायी हवी. शेगावात १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शिकण्याची दारे या जिल्ह्यातच उघडी आहेत. आईवडिलांनी मुलाला नोकरी लागली का, एवढेच न विचारता तो तेथे काय शिकला, हेही विचारावे.

कापूस गाठीत बांधून पाठविणारा हा जिल्हा पेटीतून निघालेल्या मोटारीची गोष्ट इतरांपेक्षा लवकर समजेल. जोडणाऱ्या हातांनी घडविण्याची विद्या आपलीशी केली, म्हणजे वालचंदांचे अपुरे काम पुढे गेले असे म्हणता येईल.