हप्ता वाढला म्हणून जुनी पॉलिसी सोडू नका

तंजावूरच्या राजवाड्याच्या आवारातून बोलतोय. माझ्या मागे सरस्वती महाल ग्रंथालय आहे. आमची घराणी सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या काळापासून या मुलखात राहिली. आमच्या मराठीला तमिळचं वळण आहे, एखादा शब्द वेगळा वाटला तर सांभाळून घ्या. आजचा विषय मात्र पुणे, बेळगाव, इंदूर, बडोदा, सगळीकडे एकच आहे. साठीनंतर आरोग्य विम्याचा हप्ता वाढत जातो. मग कंपनी बदलावी का, आणि बदलायची तर कशी?

आधी आमच्या घरातली गोष्ट सांगतो. २०२४ सालची. माझ्या पत्नीला मधुमेह आहे, एकदा अँजिओप्लास्टीही झाली आहे. दोन नूतनीकरणांत तिचा हप्ता जवळजवळ दीडपट झाला. मी निवृत्त माणूस, पेन्शनवर चालणारा. डोकं फिरलं. एका एजंटनं दुसऱ्या कंपनीची स्वस्त योजना दाखवली आणि म्हणाला, "सार, जुनी भरू नका, दोन्हीकडे पैसे कशाला?" मी ऐकलं. अर्ज दिला तेव्हा जुन्या पॉलिसीची मुदत संपायला बारा दिवस उरले होते. नव्या कंपनीनं तपासण्या करून घेतल्या. उत्तर आलं तोवर मुदत उलटून गेली होती, आणि उत्तर होतं नकार.

पत्नी एवढंच म्हणाली, "अहो, म्हणजे आता मला कुठलाच विमा नाही?"

वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीला मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत असते. त्यात पैसे भरले तर आधीच्या वर्षांचे हक्क टिकतात. पण मधल्या दिवसांत आजारपण आलं तर वार्षिक पॉलिसीत भरपाई मिळत नाही. तेविसाव्या दिवशी मी वाढलेला हप्ता मुकाट्यानं भरला. त्या तेवीस दिवसांत ती रात्री नुसती खोकली तरी माझ्या पोटात गोळा यायचा.

चूक कुठे झाली ते नंतर समजलं. २०११ पासून आपल्याकडे पोर्टेबिलिटी आहे. म्हणजे कंपनी बदलताना जुन्या आजारांसाठी पूर्ण केलेला प्रतीक्षा काळ सोबत नेता येतो. मी समजलो की नव्या कंपनीला आपल्याला घ्यावंच लागेल. तसं नाही! नवी कंपनी तब्येत पाहून नकार देऊ शकते. जुनी कंपनी मात्र मागच्या वर्षी दावा केला म्हणून नूतनीकरण नाकारू शकत नाही. म्हातारपणी आपली खरी ताकद जुन्या पॉलिसीत असते, आणि मी तीच हातातून सोडायला निघालो होतो.

अमेरिकेत ज्यांचे आईवडील किंवा नातेवाईक आहेत त्यांनी हेही ऐका. तिथे ६५ वर्षांनंतर मेडिकेअर हा सरकारी विमा मिळतो. त्यातून उरलेली बिलं भागवायला लोक खासगी पूरक विमा घेतात, त्याला मेडिगॅप म्हणतात. ६५ पूर्ण होऊन मेडिकेअरचा पार्ट बी सुरू झाला की पहिले सहा महिने कंपनी आजारामुळे नाकारू शकत नाही. पुढे हप्ता वाढला म्हणून बदलायला गेलात, तर बहुतेक राज्यांत ती तब्येत विचारते आणि नाकारूही शकते. देश वेगळा, फास तोच.

आता काय करायचं ते क्रमानं सांगतो.

एक. पोर्टिंगचा अर्ज नूतनीकरणाच्या ६० ते ४५ दिवस आधी द्या. नव्या कंपनीचा होकार लेखी हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी चालू ठेवा.

दोन. विम्याची रक्कम वाढवून घेतली तर वाढलेल्या भागाला प्रतीक्षा काळ नव्यानं लागू होतो. जुन्या रकमेपुरतेच जुने हक्क पुढे येतात.

तीन. आधी आपल्याच कंपनीत दुसरी योजना आहे का विचारा. याला मायग्रेशन म्हणतात, त्यातही पूर्ण केलेला काळ धरला जातो. खर्चाचा काही वाटा स्वतः उचलायची तयारी असेल तर हप्ता कमी होतो, पण तेवढे पैसे बाजूला ठेवलेले हवेत.

चार. २०२४ च्या नियमांनी जुन्या आजारांचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणला. सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती लपवल्याचं कारण देऊन दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. खंड पडला की ही कमाई धोक्यात येते.

पाच. ३० जानेवारी २०२५ ला विमा नियामकानं सांगितलं की साठीपुढच्या ग्राहकांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीनं आधी नियामकाशी सल्लामसलत करावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. तेव्हा पावती नीट वाचा. तक्रार कंपनीनं ऐकली नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही. आम्हा तमिळनाडूकरांसाठी ते कार्यालय चेन्नईत आहे.

सहा. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आयुष्मान भारतचं ५ लाखांचं संरक्षण २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं. त्याला उत्पन्नाची अट नाही, खासगी विमा असला तरी चालतं. तुमच्या गावातलं कुठलं रुग्णालय ते कार्ड घेतं, हे आजार येण्याआधी विचारून ठेवा.

शेवटचं. या राजवाड्यात सरफोजीराजे दुसरे यांनी धन्वंतरी महाल चालवला. डोळ्यांच्या रुग्णांची स्थिती आणि उपचार यांच्या नोंदी त्यांनी लिहवून घेतल्या, डोळ्यांची चित्रंही काढवली. ते कागद आजही ग्रंथालयात आहेत. राजानं रुग्णांचे कागद जपले, आपण निदान घरचे जपू. पहिल्या वर्षापासूनच्या पॉलिसी, पावत्या, डिस्चार्जचे कागद एका फायलीत ठेवा. फॉर्मवर मधुमेह असेल तर मधुमेहच लिहा. एजंट "नाही लिहा" म्हणाला, तर त्या एजंटला नमस्कार करा.

आमच्या घरची ती फाईल आता देवघराशेजारच्या कपाटात असते, आणि नूतनीकरणाच्या तारखेआधी दोन महिने कॅलेंडरवर लाल खूण असते. ती खूण पत्नी स्वतः करते. माझ्यावर सोडत नाही.

आज घरी गेल्यावर आपल्या पॉलिसीची शेवटची तारीख बघा. तब्येत सांभाळा.