घडाघडा वाचलं, पण पोचलं का?



समर्थांनी दासबोधाच्या अठराव्या दशकाचा शेवटचा समास श्रोत्यांच्या अवलक्षणांवर खर्ची घातलाय. ऐकायला बसलेल्या माणसाचं चित्त कसं उडतं, याचं ते वर्णन वाचताना हसू येतं. समर्थांना श्रोत्यांचा अनुभव दांडगा असणार. तो समास मी आज मुद्दाम काढला. माणसानं मनावर घेतलं तर चित्त ठिकाणावर राहील, असं आपण सगळेच धरून चालतो, समर्थांपासून वर्गशिक्षकांपर्यंत. मी आज ज्यांच्याबद्दल बोलणार आहे त्यांच्या बाबतीत हे धरून चालणंच चुकतं.

आजच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत माझ्या नावापुढं 'विशेष शिक्षिका' असं छापलंय, ते खरं आहे. छापायचं राहिलं ते एवढंच, की ज्या मुलांना मी शिकवते त्यांचंच दुखणं माझंही आहे. मला एडीएचडी, म्हणजे लक्ष हवं तिथं न टिकण्याचा विकार, आहे. निदान झालं तेव्हा चाळिशी उलटली होती. तोवर मी वेंधळी, धांदरट, 'हुशार आहे पण मन लावत नाही' वगैरे होते. प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्यांवर माझा विश्वासही बसला होता.

तर हे दुखणं वाचताना नेमकं काय करतं ते सांगते. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस घ्या. 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की' इथपर्यंत मी असते. पुढं 'थकबाकी' हा शब्द येतो. त्यावरून मला लाइटबिल आठवतं, बिलावरून मीटरच्या खोलीचं कुलूप, कुलपावरून किल्ली कुणाकडे दिली होती ते. डोळे मात्र ओळीवरून चालतच असतात. सचिवांची सही येते तेव्हा कळतं की नोटीस संपली, आणि सभा किती तारखेला आहे ते मला सांगता येत नाही. परत पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला 'थकबाकी'च्या पुढं जाते, 'दुरुस्ती निधी'पाशी अडकते.

तुम्ही म्हणाल, हे आमचंही होतं. होतं, सगळ्यांचंच होतं. एरिक रायकल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2010 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना जेन ऑस्टेनची 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' वाचायला दिली आणि त्यांच्या डोळ्यांची हालचाल यंत्रानं टिपली. मन भरकटलेलं असतानाही डोळे पुढं सरकतच होते. पण एरवी अवघड शब्दावर नजर जास्त रेंगाळते आणि सोप्यावरून झटकन निघते, तो फरक पुसट झाला होता. ही सगळी चांगली, धडधाकट मुलं होती. तेव्हा प्रश्न हे होतं की नाही हा नाही. प्रश्न किती वेळा होतं, आणि झाल्याचं माणसाला कधी कळतं, हा आहे. तुम्हाला दोन ओळींनंतर कळतं. मला सहीपाशी कळतं.

हे अलीकडचं फॅड आहे, मोबाइलमुळं आलंय, असं म्हणणारे प्रत्येक सभेत एकदोघे असतातच, म्हणून थोडा इतिहास सांगते. अलेक्झांडर क्राइटन या स्कॉटिश डॉक्टरनं 1798 सालच्या आपल्या ग्रंथात लक्ष न टिकण्याच्या विकारावर लिहून ठेवलंय. तेव्हा पुण्यात पेशवाई होती. लंडनच्या जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानं 1902 साली अशा मुलांवर व्याख्यानं दिली, पण दोष त्यानं मुलांच्या नैतिक संयमात पाहिला. तो शिक्का फार टिकला. आजही 'वळण नाही लावलं' असं म्हणताना आपण स्टिलच्याच गावचे असतो.

1937 ची गोष्ट तर नाटकात शोभेल अशी आहे. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली नावाचे डॉक्टर मुलांच्या एका रुग्णालयात काम करत. मेंदूच्या तपासणीसाठी पाठीच्या कण्यातलं पाणी काढलं की मुलांचं डोकं भयंकर दुखायचं. ते थांबावं म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक दिलं. डोकेदुखी काही फारशी हटली नाही, पण 30 मुलांपैकी जवळजवळ निम्मी मुलं अभ्यासाला बसायला लागली! मुलं त्या औषधाला गणिताची गोळी म्हणायची. पुढं 1944 साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत लिआंद्रो पानित्झॉन या रसायनशास्त्रज्ञानं मिथाइलफेनिडेट बनवलं. बायकोचं लाडाचं नाव रीटा, म्हणून औषध रिटालिन. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या पुस्तकात 1980 साली या विकाराच्या नावात 'अवधान' आलं. त्याआधी सगळी नजर चळवळ्या मुलांवर होती. जागेवर शांत बसून खिडकीबाहेर पाहणारी मुलगी त्यात कुणालाच दिसली नव्हती. खरं सांगायचं तर अजूनही ती पुरती दिसत नाही. वर्गात त्रास देणाऱ्या मुलाला निदान डॉक्टरकडं तरी नेतात.

जगभरातल्या अभ्यासांचा मेळ घातला तर शाळकरी मुलांत हे प्रमाण साधारण 5 टक्के भरतं. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात तीन.

या मुलांकडं लक्ष कमी असतं असं नाही. आवडीचं काही मिळालं तर जेवायची शुद्ध राहत नाही. आणि आया मला हेच पुरावा म्हणून सांगतात, 'कार्टून बघताना बरं लक्ष असतं!' ताई, तिथंच तर मेख आहे. आपलं डोकं एसटी स्टँडसारखं असतं, सगळ्या गाड्यांच्या घोषणा सतत चालू. तुम्हाला तुमच्या गाडीची तेवढी ऐकू येते. आम्हाला सगळ्या सारख्याच मोठ्यानं ऐकू येतात.

आता वाचनाकडं येते, कारण आजचा खरा विषय तो आहे. हे वाक्य ऐका. 'पाऊस लांबल्यामुळे पेरण्या उशिरा होऊनही, ज्या शेतकऱ्यांनी विहिरीचे पाणी राखून ठेवले होते त्यांचे पीक, शेजारच्या गावांच्या तुलनेत, फारसे बुडाले नाही.' मीच रचलंय, पण पाठ्यपुस्तकात अशी रग्गड सापडतील. मराठीत क्रियापद शेवटी आणि 'नाही' त्याच्याही मागं. पाऊस, पेरण्या, कुठले शेतकरी, कुणाच्या तुलनेत, हे सगळं हातात धरून शेवटच्या शब्दापर्यंत जायचं, मग गाठ बसते. या धरून ठेवण्याला मेंदूतज्ज्ञ वर्किंग मेमरी म्हणतात आणि एडीएचडीमध्ये पुष्कळांची तीच तोकडी पडते. सातवीतला एक मुलगा माझ्याकडं येतो. त्याला मी हे वाक्य दिलं. कुठंही न अडखळता त्यानं वाचलं, 'नाही'सुद्धा स्वच्छ उच्चारलं. मग विचारलं, पिकाचं काय झालं? 'बुडालं.' परत वाच म्हटलं. परत स्वच्छ वाचलं. 'बुडालं ना, पाऊस लांबला होता.' पहिले तीन शब्द त्याच्या हाती लागले होते, त्यावरून बाकीचं त्यानं स्वतःच रचलं होतं. आणि बरं का, अंदाज काही येड्यागबाळ्याचा नव्हता. पाऊस लांबला की पीक बुडतं हे त्याला माहीत होतं. हाच मुलगा 'खालीलपैकी कोणते विधान बरोबर नाही?' या प्रश्नात हमखास मार्क घालवतो, आणि घरी मार खातो, कारण उत्तर त्याला येत असतं.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या दोघांनी 1986 साली वाचनाचं एक साधं गणित मांडलं. अक्षरं फोडून उच्चारता येणं आणि भाषा समजणं, यांचा गुणाकार म्हणजे वाचन. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य. आपली गंमत अशी की देवनागरी बरीचशी लिहिल्याप्रमाणं वाचता येते. जोडाक्षरं आणि वेलांट्या ओलांडल्या की पोर घडाघडा वाचू लागतं. इंग्रजीतलं पोर अडखळतं, निदान पकडलं तरी जातं. आपलं पोर पकडलंच जात नाही. शाळा तपासायला साहेब आले की पुढं उभं करायला हेच पोर काढतात.

ज्या मुलांना अक्षरंच फुटत नाहीत त्यांचा डिस्लेक्सिया वेगळा. 2007 सालच्या 'तारे जमीं पर'नं तो घराघरांत पोचवला, हे त्या सिनेमाचं मोठं काम. पण तेव्हापासून वाचनाची प्रत्येक अडचण म्हणजे उलटी अक्षरं, अशी समजूत होऊन बसली. पुष्कळ मुलांत दोन्ही असतं. तेव्हा तपासणी दोन्हींची व्हायला हवी.

आणि एक गोष्ट, जी निदानाच्या नादात आम्ही लोकही विसरतो. डोना रेश्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी 1988 साली अमेरिकेत शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉल कोळून प्यायलेली मुलं, वाचनात पक्क्या पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्याकडं कोथरूडच्या मुलाला पाभर आणि कुळव ठाऊक नसतो, मेळघाटातल्या मुलाला लिफ्ट आणि एस्कलेटर. दोघांनाही धडा कळत नाही, आणि दोघांनाही एडीएचडी नसतो. विषयाची ओळख नसणं, घरची भाषा वेगळी असणं, चष्म्याचा नंबर, रात्रीचं जागरण, हे आधी पाहा. ते न पाहता चिकटवलेली चिठ्ठी मला मान्य नाही.

मग करायचं काय? माझ्यापुरतं सांगते. मी मोठ्यानं वाचते. मनात वाचताना सटकलेलं मन स्वतःच्या आवाजाला थोडं बांधून राहतं. आपल्या पारायणाच्या परंपरेत हे सगळं होतं. ठरलेली बैठक, ठरलेला अध्याय, मोठ्यानं वाचन, आजूबाजूला वाचणारी माणसं. पुण्यसंचयाचं मला ठाऊक नाही, पण माझ्यासारखीला बैठक सोपी जाते. धडा वाचण्याआधी खालचे प्रश्न वाचते, म्हणजे काय शोधायचं ते कळतं. लांब वाक्यात आधी क्रियापदाखाली रेघ मारते, त्या सातवीतल्या मुलालाही तेच शिकवलं, आणि 'नाही'ला गोल. परिच्छेद संपला की पुस्तक मिटून एका वाक्यात, आपल्या शब्दांत सांगायचं. सांगता आलं नाही तर पुढं जायचं नाही. अॅनमेरी पॅलिंक्सार आणि अॅन ब्राउन यांनी 1984 साली याच धर्तीची पद्धत मुलांच्या गटांवर वापरून दाखवली. मुलांनीच आळीपाळीनं शिक्षक व्हायचं, प्रश्न विचारायचे, गोषवारा सांगायचा, पुढं काय येईल ते ओळखायचं. त्याला पैसा लागत नाही, पण तासिका लागते, आणि तासिका अभ्यासक्रम 'पूर्ण' करण्यात जाते.

गोळ्यांबद्दल दबक्या आवाजात विचारतात, म्हणून उघड सांगते. मी घेते. मिथाइलफेनिडेट आपल्याकडं 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं, त्यामुळं प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही आणि मिळूही नये. मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय घ्यायचं नाही, शेजारच्या मुलाची गोळी आपल्या मुलाला द्यायची नाही. भूक आणि झोप यांवर परिणाम होतो, वजन पाहत राहावं लागतं. आणि गोळी लक्ष टिकवायला हात देते. 'होऊनही' म्हणजे काय ते गोळी शिकवत नाही, ते मलाच शिकवावं लागतं.

शेवटी कायद्याचं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं 21 प्रकारच्या अक्षमता मान्य केल्या. त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, आणि तिच्या व्याख्येत डिस्लेक्सियाचं नाव आहे. एडीएचडीचं नाव त्या यादीत नाही. म्हणजे अक्षरं न फुटणाऱ्या मुलाला दाखला मिळू शकतो, जादा वेळ मिळू शकतो, आणि वाक्याच्या शेवटापर्यंत न पोचणाऱ्या मुलाला 'जरा मन लाव' मिळतं. कायदा करणाऱ्यांकडून हे राहून गेलंय आणि ते दुरुस्त व्हायला हवं. तोवर ज्यांना अध्ययन अक्षमताही आहे त्यांनी हक्काचं आहे ते पदरात पाडून घ्यावं. अध्ययन अक्षमतेचं मूल्यमापन वयाच्या 8 व्या वर्षापासून होतं. मराठीतून तपासायला साधनं नाहीत ही सबबही आता चालणार नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं 2015 साली जी चाचणी आणली ती मराठीतही आहे.

जूनमध्ये शाळा उघडतील. आज घरी गेल्यावर मुलाला वर्तमानपत्रातली एखादी बातमी वाचायला द्या. कशी वाचली ते सोडा, काय झालं ते विचारा. उत्तर वारंवार चुकत असेल तर रागावू नका, मार्कांवर जाऊ नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग बालरोगतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, आणि मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तपासण्या आणि दाखले यांत महिने जातात. दहावीचा फॉर्म भरायची वेळ येईपर्यंत थांबू नका.