गाठी मारलेल्या दोऱ्यांचा चित्रकार

पुस्तकातल्या चित्रांसाठी भरलेल्या या संमेलनात स्वागत समितीने पहिला मान दिला आहे तो विल्यम हीथ रॉबिन्सन या इंग्रज चित्रकाराला.

१८७२ साली लंडनमध्ये जन्मलेल्या रॉबिन्सन यांच्या घरातच चित्रकला होती. वडील नियतकालिकांसाठी चित्रे काढत. थॉमस आणि चार्ल्स हे दोघे भाऊही पुस्तके सजवत. विल्यमना निसर्गचित्रे काढायची होती, पण त्यावर पोट भरेना. १९०२ मध्ये त्यांनी लिहून-रेखाटून अंकल ल्युबिन जन्माला घातला. पक्ष्याने पळवलेल्या चिमुकल्या पुतण्याच्या शोधात निघालेला हा भाबडा म्हातारा हवाई जहाजसुद्धा स्वतःच बनवतो.

पुढे फ्रेंच लेखक राब्लेच्या ग्रंथासाठी त्यांनी ढीगभर चित्रे काढली आणि नेमके प्रकाशकाचे दिवाळे निघाले. मानधन बुडाले. (सभागृहात प्रकाशकही बसले आहेत, याची समितीला जाणीव आहे.) चरितार्थासाठी रॉबिन्सन साप्ताहिकांतल्या विनोदी चित्रांकडे वळले, आणि तिथेच त्यांची कागदावरची वेडगळ यंत्रे सुरू झाली.

रात्री बोंबलणाऱ्या मांजरांना गप्प करणारे यंत्र, रेल्वे स्थानकांवरचे स्कोन नावाचे शिळे छोटे पाव पुन्हा ताजे करणारा कारखाना! सगळीकडे कप्प्या, खुंट्या आणि तुटून पुन्हा गाठ मारलेल्या दोऱ्या. ही यंत्रे चालवणारी टकली, चष्मेवाली माणसे मात्र शस्त्रक्रिया चालल्यासारखी गंभीर. त्यातल्या एकालाही हसू येत नाही, म्हणून बघणाऱ्याला आवरत नाही.

गंमत म्हणजे याच हाताने १९१४ मध्ये शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'साठी नाजूक, स्वप्नाळू चित्रे काढली. वेडगळ यंत्र खरे वाटते, ते या कसलेल्या रेषेमुळे.

दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क या ब्रिटिश गुप्तसंदेश-केंद्रात जर्मन संदेश फोडण्यासाठी एक यंत्र उभारले गेले. दोन लांबलचक कागदी फिती एकाच वेगाने पळवायच्या. त्या ताणायच्या, फाटायच्या. त्यांच्या चित्रांतून उचलल्यासारख्या या यंत्राला नाव पडले 'हीथ रॉबिन्सन'. त्याच कामासाठीचा 'कोलोसस' हा संगणक त्यानंतरचा.

बाहेरच्या दालनात त्यांच्या काही चित्रांच्या मोठ्या प्रती लावल्या आहेत. एखादी दोरी धरून तिचा डोळ्यांनी माग काढावा. ती कोणाच्या बोटाला बांधली आहे, ते शेवटी कळेलच. आता उद्घाटकांना दीपप्रज्वलनाची विनंती.